कुरूप चपलेची कुळकथा

२० फेब्रुवारी २०२५ रोजी जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरी, तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका चपलेबद्दल निकाल दिला. बर्कनस्टॉक कंपनीची सँडल ही उपयोजित कलेतली कलाकृती आहे की नाही, असा तो प्रश्न होता. तीन प्रतिस्पर्धी आपल्यासारख्याच सँडल विकतात, म्हणून कंपनी न्यायालयात गेली होती. जर्मन कायद्यात वस्तूच्या आकाराला डिझाइन म्हणून मिळणारे संरक्षण जास्तीत जास्त २५ वर्षांचे असते. तीच वस्तू कलाकृती ठरली, तर कॉपीराइट निर्मात्याच्या मृत्यूनंतरही ७० वर्षे टिकतो. कंपनीची धडपड होती ती या फरकासाठी. न्यायालयाने दावा फेटाळला. कॉपीराइट हवा असेल तर निर्मात्याने मोकळेपणाने केलेली सर्जक निवड त्या वस्तूत दिसली पाहिजे. तंत्राच्या गरजांनी आणि कारागिरीच्या नियमांनी ठरलेल्या रूपाला तो मिळत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. थोडक्यात, ही कारागिरी आहे, कला नाही.

निकालाच्या बातम्या वाचताना मला आमच्या दारातला एक प्रसंग आठवला. अमेरिकेत शिकणारा भाचा सुट्टीला आला, तेव्हा त्याच्या पायात अशीच एक चप्पल होती : रुंद, जाडजूड, दोन पट्ट्यांची, बक्कल लावलेली. तिची किंमत ऐकून आई म्हणाली, ''एवढे पैसे मोजून दवाखान्यातली चप्पल आणलीस होय रे?'' सगळे हसले. भाचा गेल्यावर मी ती चप्पल उचलून पाहिली. आतल्या तपकिरी तळव्यावर त्याची पाचही बोटे, चवडा आणि टाच स्पष्ट उमटलेली होती. आईचे वाक्य आणि तो ठसा या दोन टोकांमध्ये या चपलेचा सगळा इतिहास बसतो, हे मला पुढे वाचन करताना कळले. मी पादत्राणांचा तज्ज्ञ नव्हे. रोजच्या वापरातल्या वस्तूंवर टिपणे काढायची सवय आहे, आणि हा लेख त्या टिपणांतूनच उभा राहिला आहे.

पायाचे अंथरूण

बर्कनस्टॉक घराण्याचा पहिला लेखी पुरावा १७७४ सालचा आहे. हेसे प्रांतातल्या लांगेन-बेर्गहाइम या खेड्यातल्या चर्चच्या दप्तरात योहान बर्कनस्टॉक नावाच्या माणसाची 'प्रजाजन आणि जोडे शिवणारा' अशी नोंद सापडते. कंपनी आजही आपल्या परंपरेचा आरंभ या वर्षापासून मोजते. या नोंदीकडे आपल्याला लेखाच्या शेवटी परत यायचे आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

योहानने सँडल केल्या नाहीत. त्याच्यानंतर शंभरएक वर्षांनी युरोपात पायाविषयीचा विचार बदलू लागला. झुरिचमधले शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मेयर यांनी १८५८ साली जोड्याच्या योग्य आकारावर एक पुस्तिका लिहिली. निमुळत्या टोकाचे बूट अंगठ्याला आत ढकलतात आणि पाय कायमचा वाकडा करतात, म्हणून जोडा फॅशनप्रमाणे न बेतता पायाच्या हाडांप्रमाणे बेतावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे जर्मनीत निसर्गोपचार, शाकाहार, सूर्यस्नान, सैल कपडे यांचा पुरस्कार करणारी जीवनसुधारणेची मोठी चळवळ उभी राहिली. घट्ट कॉर्सेटइतकाच घट्ट बूटही या मंडळींचा शत्रू होता.

अशा हवेत त्याच घराण्यातला कोनराड बर्कनस्टॉक फ्रँकफर्टमध्ये धंद्याला उभा राहिला. १८९६ साली त्याची तिथे दोन दुकाने होती. बूट ज्या लाकडी पायावर बेततात त्या फर्म्याचा तळ तेव्हा सपाट असे. माणसाचा तळवा मात्र सपाट नसतो. त्याला टाचेचा गोलावा असतो, मधली कमान असते, बोटांखालची खळगी असते. कोनराडने फर्म्याला हे चढउतार दिले. कारखान्यात बनलेल्या सपाट बुटांत घालण्यासाठी लवचिक आतला तळ १९०२ च्या सुमारास त्याने तयार केला. त्या काळी कमानीला आधार द्यायचा तर धातूच्या कडक पट्ट्या वापरत, त्यामुळे 'लवचिक' ही गोष्ट नवी होती. पहिल्या महायुद्धात फ्रँकफर्टच्या एका रुग्णालयात जखमी सैनिकांसाठी पायाला बेतलेले जोडे करण्याचे कामही त्याने केले.

या आतल्या तळासाठी कोनराडने जो शब्द वापरला तो 'फुसबेट'. फुस म्हणजे पाऊल, बेट म्हणजे बिछाना. आपल्या भाषेत पायाचे अंथरूण. आज हा शब्द जगभरच्या चप्पल-धंद्यात सर्रास चालतो. त्याचे मर्म असे, की पाय इथे कामाचे अवजार राहत नाही. त्याला थकवा येतो, विसावा लागतो, आणि तो चालता चालता मिळू शकतो, असे या शब्दात गृहीत आहे. पाऊल वाळूत किंवा मऊ मातीत टेकले की जमीन त्याच्या आकाराने दबते. शहराची फरसबंदी दबत नाही. तेव्हा मऊ जमिनीचा एक तुकडा पायाखाली बांधून न्यावा, अशी यामागची कल्पना. कोनराडचा मुलगा कार्ल याने तिचे शास्त्र बनवले. विक्रेत्यांसाठी शिकवण्या घेतल्या, १९४७ साली पायाच्या आरोग्यावर पुस्तक काढले आणि आपल्या पद्धतीला 'सिस्टीम बर्कनस्टॉक' असे नाव दिले.

आई 'दवाखान्यातली चप्पल' म्हणाली ती इतिहासाला धरूनच होते. या वस्तूचा जन्म दवाखान्याच्या सावलीत झाला आहे. तिच्या रूपाला सूट मिळाली तीही तिथेच. काढा कडू का, असे कोणी विचारत नाही. तसेच औषध म्हणून आलेली चप्पल सुंदर का नाही, हेही कोणी विचारले नाही.

आतले बाहेर

१९६३ साली कोनराडच्या नातवाने, म्हणजे दुसऱ्या कार्लने, एक साधी पण निर्णायक गोष्ट केली. तोवर फुसबेट बुटाच्या पोटात लपलेले होते. त्याने भोवतालचा बूटच काढून टाकला. खाली तळ, वर एकच पट्टा, एक बक्कल. पुढे 'माद्रिद' या नावाने ओळखली गेलेली ही सँडल तेव्हा व्यायामाची सँडल म्हणून विकली जाई. तिला मागे पट्टा नाही, त्यामुळे ती निसटू नये म्हणून बोटांनी धरून ठेवावी लागते, आणि या धरण्याने पोटऱ्यांचे स्नायू बळकट होतात, असे सांगितले जाई. दोन पट्ट्यांची 'अ‍ॅरिझोना' १९७३ साली आली. कंपनीची ओळख बनली ती हीच.

तळाची रचना अशी : बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा आणि रबराचा चीक यांचे मिश्रण, त्याला तागाच्या कापडाचे थर, पाय टेकतो तिथे मऊ चामडे, आणि जमिनीला लागणारा हलका कृत्रिम तळ. बुचाचे झाड तोडावे लागत नाही. त्याची साल साधारण नऊ वर्षांनी पुन्हा काढता येते. हा सगळा माल कार्लने झाकला नाही. बाजूने पाहिले की बुचाची उघडी कड दिसते, चामड्याच्या कापलेल्या कडाही तशाच ठेवलेल्या दिसतात. चपलेत काय आहे ते बाहेरून कळते.

तिच्या आकर्षणाची किल्ली मला इथे दिसते. नेहमीचा बूट म्हणजे एक मुखवटा असतो. तो पायाला लांब, निमुळता, उंच दाखवतो. ही चप्पल पायाला पायाएवढाच दाखवते, आणि स्वतःचे पोटही उघडे टाकते. ती कुरूप वाटते याचे कारण, तिने आपल्या नजरेला सवयीचा असलेला आडपडदा काढला आहे. पुढच्या पिढ्यांनी तिच्यात जो 'प्रामाणिकपणा' पाहिला त्याचे बीज या उघड्या कडेत आहे.

ही चप्पल मऊ असते, असा गैरसमज मात्र नको. नवी असताना ती चांगली टणक असते. काही दिवस पाय कुरकुरतो. मग बूच उष्णतेने आणि वजनाने दबते, आणि तळ त्या एका माणसाचा होतो. म्हणजे इथले सुख विकत मिळत नाही, ते अंगवळणी पाडून घ्यावे लागते. कोल्हापुरी वापरणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. नवी कोल्हापुरी चावते, तिला तेल पाजावे लागते, आणि मग ती पायाला अशी बसते की दुसऱ्याच्या पायात जात नाही.

कडधान्याच्या शेजारी

ही चप्पल अमेरिकेत गेली ती एका बाईच्या दुखऱ्या पायांमुळे. मार्गोट फ्रेझर मूळच्या जर्मन, व्यवसायाने शिवणकाम करणाऱ्या, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या. १९६६ साली मायदेशी एका आरोग्यस्नानाच्या ठिकाणी गेल्या असता त्यांना या सँडल मिळाल्या, आणि वर्षानुवर्षांचे पायाचे दुखणे कमी झाले. त्यांनी त्या अमेरिकेत आणून विकायचे ठरवले. बुटांच्या दुकानदारांनी त्यांना वाटेला लावले. असले ध्यान कोणतीही बाई पायात घालणार नाही, असे त्यांचे मत होते. तेव्हा फ्रेझरबाईंनी आपला माल आरोग्यदायी अन्नाच्या दुकानदारांपुढे ठेवला. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभ्या राहणाऱ्या त्या दुकानदारांना तो मनापासून पटला. हातसडीचे तांदूळ, कडधान्ये आणि मध यांच्या शेजारी चपलांचे खोके आले.

या तपशिलाला मी फार महत्त्व देतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या हिप्पींची चप्पल, युद्धविरोधकांची चप्पल, पर्यावरणवाद्यांची चप्पल अशी तिची ख्याती झाली. तिच्यातच काही बंडखोर गुण होता, असे मानून अनेक लेख लिहिले गेले. वास्तविक बंडखोर तरुण ज्या दुकानात डाळ-तांदूळ घ्यायला जात, त्या दुकानात ती होती. बुटांच्या दुकानांनी तिला दार उघडले असते, तर ती थकलेल्या परिचारिकांची आणि वेटरांची चप्पल म्हणून राहिली असती. अर्थ पुष्कळदा वस्तूत नसतो, तो फळीवरच्या शेजाऱ्याकडून येतो. एकदा चिकटला की मात्र निघत नाही. अमेरिकी राजकारणात या चपलेचे नाव उदारमतवाद्यांना हिणवण्याचे विशेषण बनले. २००६ साली रॉड ड्रेहर या परंपरावादी लेखकाने सेंद्रिय शेती आणि साधी राहणी मानणाऱ्या आपल्या बाजूच्या लोकांवर पुस्तक लिहिले, तेव्हा उपशीर्षकात त्यालाही ही चप्पल घ्यावीशी वाटली. शत्रूची खूण पायात घालून 'आम्हीसुद्धा' म्हणण्याचा तो प्रकार होता.

कुरूपतेची किंमत

नव्वदच्या दशकात फॅशनने तिला उचलले. १९९० च्या उन्हाळ्यात लंडनच्या 'द फेस' मासिकात कोरीन डे यांनी काढलेल्या छायाचित्रांत कोवळी केट मॉस या चपलेत दिसली. १९९२ च्या अखेरीस मार्क जेकब्स यांनी पेरी एलिस या कंपनीसाठी केलेल्या संग्रहात ती फॅशनच्या मंचावर चढली. त्या संग्रहापायी जेकब्स यांची नोकरी गेली. २०१२ साली पॅरिसमध्ये फीबी फायलो यांनी सेलीनसाठी हाच आकार आतून फर लावून सादर केला, आणि या वेळी कोणाची नोकरी गेली नाही. वीस वर्षांत कुरूपता ही चूक न राहता अभिरुची झाली होती. सुंदर वस्तू कोणीही पसंत करतो. कुरूप वस्तू आत्मविश्वासाने घालायला मात्र समाजात एक विशिष्ट जागा लागते. गरीब माणसाच्या पायातली बेढब चप्पल बेढबच दिसते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांच्या जुन्या, झिजलेल्या अ‍ॅरिझोनाचा लिलाव झाला. किंमत आली २,१८,७५० डॉलर. तळावर त्यांच्या पावलांचा ठसा तसाच आहे, हे लिलावाच्या माहितीत आवर्जून सांगितले होते. पादुकांना नमस्कार करणाऱ्या, त्या पालखीत ठेवून पंढरीला नेणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की आपण पादुकांना बोली लावत नाही.

२०२३ च्या 'बार्बी' चित्रपटात ग्रेटा गर्विग यांनी या चपलेला थेट अर्थाच्या जागी बसवले. बार्बीची टाच जन्मतःच उचललेली; ती एके दिवशी जमिनीला टेकते. तिच्यापुढे दोन वस्तू धरल्या जातात : एका हातात उंच टाचेचा बूट, दुसऱ्यात अ‍ॅरिझोना. पहिला म्हणजे जुने सुखी अज्ञान, दुसरी म्हणजे जगाचे सत्य. बार्बी चटकन बूट निवडते आणि तिला सांगितले जाते की हे चालणार नाही. शेवटच्या दृश्यात, माणूस झालेली बार्बी गुलाबी अ‍ॅरिझोना घालून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. विनोद चांगला आहे. पण सत्याचे प्रतीक म्हणून दुकानात मिळणारी वस्तू दाखवली, की सत्यालाही किंमतपट्टी लागते, हे चित्रपट बोलत नाही. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला कंपनीचे समभाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले. ४६ डॉलर या दराने कंपनीचे मोल ८ अब्ज ६० कोटी डॉलरच्या घरात ठरले. दोनच वर्षांपूर्वी, २०२१ मध्ये, तिचा बहुसंख्य हिस्सा एल कॅटरटन या गुंतवणूक कंपनीने घेतला होता. श्रीमंती वस्तूंच्या एलव्हीएमएच समूहाशी तिचा संबंध आहे. आडपडदा नसलेली चप्पल आता आडपडद्यांच्याच व्यापारात मोठी झाली होती.

नावाचे मोल

आता १७७४ च्या नोंदीकडे वळू. टीकाकार म्हणून पहिला आक्षेप सहज सुचतो : ही परंपरा मागाहून शिवलेली आहे. फुसबेट कोनराडचे, सँडल १९६३ ची, तिचा बंडखोरपणा कॅलिफोर्नियातल्या दुकानांचा. योहानचा यातल्या कशाशीही संबंध नाही. तो पूर्वज म्हणून बोलावला गेला, कारण जुने नाव बाजारात चालते. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मागे घेत नाही.

पण तो इथेच सोडला तर महत्त्वाची गोष्ट निसटते. असा पूर्वज बोलावता यावा यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, जोडे शिवणाऱ्याचे नाव कुठेतरी लिहिलेले असावे. दुसरी, त्याच्या वंशजांना ते नाव आणि तो धंदा सांगायला लाज वाटू नये. जर्मनीतही हे आपोआप झाले नाही. 'जोडे शिवणाऱ्या, आपल्या फर्म्याशीच राहा' अशी म्हण जर्मन भाषेत आहेच. कंपनीचा मोठा कारखाना आज ज्या ग्योर्लिट्झ गावात आहे, तिथेच चारशे वर्षांपूर्वी याकोब ब्योमे नावाचा जोडे शिवणारा राहत होता. त्याने १६१२ साली गूढ अध्यात्मावर ग्रंथ लिहिला. गावचा धर्मोपदेशक खवळला आणि नगरसभेने त्याला लिहायला मनाई केली. तरी ब्योमे पुढे लिहिता झाला, आणि जर्मन तत्त्वज्ञांनी त्याला आपल्या परंपरेत मानाने बसवले. आपल्याकडे संत रोहिदासांना वंदन झाले, पण त्यांच्या जातभाईंच्या हातचे पाणी चालले नाही. 'पायातली वहाण पायातच बरी' ही आपली म्हण वहाणेबद्दल नाही, हे आपण सगळे जाणतो.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने ज्या चामडी सँडल दाखवल्या, त्यांत कोल्हापुरीचे रूप उघड होते. नाव मात्र नव्हते. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, तेव्हा जनहित याचिका फेटाळली गेली : दाद मागायची तर भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी मागावी. हे मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे आणि नोंदणी दोन राज्यांच्या महामंडळांच्या नावे आहे. आपल्याकडचे महामंडळ संत रोहिदासांच्याच नावाचे.

कार्ल्सरूह आणि कोल्हापूर ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. कारागिरीच्या रूपाला मालक नसतो, हे दोन्हीकडे दिसते. बर्कनस्टॉकचा आकार कोणीही उचलू शकतो, कोल्हापुरीचाही. पण बर्कनस्टॉक खटला हरूनही फारशी हरली नाही, कारण तिच्या हातात नाव आहे. नाव चोरले गेले की तिला धाव घेता येते. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तिच्या बनावट मालाच्या तपासासाठी आयुक्त नेमले. त्यांना ज्या ठिकाणच्या कारखान्यांची पाहणी करायची होती त्यांत आग्रा होते, म्हणजे चामड्याच्या कारागिरांचे जुने गाव. कोल्हापुरीकडे गावाचे नाव आहे, माणसाचे नाही. तळाला वादीने टाके कोणी घातले, पट्ट्यावरची वेणी कोणी विणली, आणि वेणीचे काम बहुधा घरातल्या बाईचे असते, हे चप्पल सांगत नाही. त्या घरातल्या मुलाच्या पूर्वजांचा धंदा कागदावर येतो तो जातीच्या दाखल्यावर. एका दप्तरातल्या नोंदीतून कंपनीची कुळकथा निघते, दुसऱ्यातून शिष्यवृत्तीचा अर्ज.

आपणही कोल्हापुरीचा ब्रँड करून अब्जावधी मिळवावेत, असे मला सुचवायचे नाही. बर्कनस्टॉकच्या इतिहासातून मला दिसते ते असे, की लोकांनी या चपलेत शोधलेला प्रामाणिकपणा बुचाच्या उघड्या कडेपाशी थांबतो. माल दिसतो, करणारा दिसत नाही. ग्योर्लिट्झच्या कारखान्यातले हातही तिथे निनावीच आहेत. दिसते ते मालकाच्या पूर्वजाचे नाव.

म्हणून एक छोटी बातमी मला मिलानच्या बातमीपेक्षा मोठी वाटते. कोल्हापुरी चपलांच्या जोडाला आता क्यूआर संकेत लावण्याची योजना महामंडळाने आणली आहे. मोबाइलवर तो वाचला की चप्पल कोणी केली, कोणत्या जिल्ह्यात केली, कसे चामडे वापरले हे कळते. योजना किती चालेल, संकेतात कारागिराचे नाव येईल की व्यापाऱ्याचे, वेणी विणणारीचे येईल की घरातल्या पुरुषाचे, हे आपण पाहायला हवे. पण जोडे शिवणाऱ्याचे नाव, जातीच्या दाखल्याबाहेर, त्याच्या कामाशेजारी लिहिले जाण्याची ही सुरुवात आहे. लांगेन-बेर्गहाइमच्या दप्तरदाराने १७७४ साली एवढेच केले होते.